पाण्यावरची सहल आणि पाण्याचा हिशेब



समुद्रकिनारा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर नारळाची झाडं, शहाळी, भेळेची गाडी आणि रविवारची गर्दी येते. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाचा पूर्व किनारा यातल्या कशाशीही जुळत नाही. तिथून दक्षिणेकडे वल्हवत निघालं, की डाव्या हाताला निळं आखात आणि उजव्या हाताला वाळवंटी डोंगर. दोन्हीकडे बघावं तितकं थोडंच. पण प्यायला पाणी मात्र दोन्हीकडे नाही.

मी नोकरीनिमित्त सॅन डिएगोला राहतो. गेल्या मार्चमध्ये मी, बायको आणि ऑफिसातला एक मित्र असे तिघं या किनाऱ्यावर सी-कयाकने गेलो. गाईड नाही, सोबत मोटरबोट नाही, जेवण करून देणारं कोणी नाही. फोटो पाहून बडोद्याच्या आणि इंदूरच्या भाचेमंडळींनी विचारलं, "दादा, हे ठरवलं कसं? आम्हालाही करायचंय." त्यांच्या आईवडिलांनी विचारलं, "यात काही झालं असतं तर?" मला दोन्ही प्रश्न एकच वाटतात. म्हणून या वेळी सदरात सहलीचं वर्णन कमी आणि आखणी जास्त.

किनारा कसा आहे

बाहा कॅलिफोर्निया हे बाराशे किलोमीटरच्या आसपास लांबीचं, चिंचोळं द्वीपकल्प. त्याच्या आणि मेक्सिकोच्या मुख्य भूमीच्या मध्ये कॅलिफोर्नियाचं आखात आहे. लोरेतो हे इथलं जुनं गाव. स्पॅनिश धर्मप्रसारकांनी १६९७ मध्ये तिथे पहिलं कायमचं ठाणं उभारलं. गावासमोरची बेटं आणि समुद्र १९९६ पासून राष्ट्रीय उद्यान आहेत. आखातातली बेटं आणि संरक्षित भाग २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. जॉन स्टाइनबेक हा कादंबरीकार आणि त्याचा जीवशास्त्रज्ञ मित्र एड रिकेट्स १९४० मध्ये याच पाण्यात बोट घेऊन सागरी जीव गोळा करत हिंडले होते.

लोरेतोच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर महामार्ग समुद्राची साथ सोडतो आणि डोंगर चढून आतल्या मैदानात जातो. तो परत समुद्राला भेटतो थेट ला पाझ शहरापाशी. मधल्या पट्ट्यात 'सिएरा दे ला हिगांता', म्हणजे राक्षसिणीचे डोंगर, पाण्यापर्यंत उतरतात. तिथे कोळ्यांच्या मोजक्या वस्त्या, दोन-चार कच्चे रस्ते आणि बाकी कार्दोन नावाचे झाडाएवढे उंच निवडुंग. वर्षाचा पाऊस २०० मिलीमीटरच्याही आत. मोबाईलला रेंज नाही. कयाकवाले याच पट्ट्यासाठी येतात, आणि आखणी लागते तीही याच पट्ट्यामुळे.

आमचा मार्ग असा होता: पुएर्तो एस्कोन्दिदो ते आग्वा वेर्दे, तिथून सान एवारिस्तो, तिथून ला पाझ. नकाशावर सरळ रेषा जोडल्या तर अनुक्रमे सुमारे ४०, ७७ आणि ९२ किलोमीटर. किनाऱ्याची वळणं धरली की अंतर वाढतंच.

सामानाने भरलेली कयाक शांत पाण्यात तासाला पाच-साडेपाच किलोमीटर जाते. पण दिवसभर जात नाही. पहाटे उजाडता उजाडता निघायचं आणि दुपारचा वारा उठायच्या आत किनाऱ्याला लागायचं, हा इथला नियम. म्हणून दिवसाला २० ते २५ किलोमीटर धरले. वल्हवायचे दहा दिवस, विश्रांतीचा एक, वाऱ्यासाठी राखलेले तीन. एकूण चौदा.

पहिला हिशेब पाण्याचा

बेत फोनवर सांगितला तेव्हा बाबांनी अंतर विचारलं नाही, खर्च विचारला नाही. पहिला प्रश्न, "पाणी किती नेणार?" बाबांचा जन्म बडोद्याचा, आयुष्य गेलं गुजरातमध्ये, कच्छमध्ये नोकरीची काही वर्षं. वाळवंटात माणूस आधी काय विचारतो हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

या किनाऱ्यावरचं प्रमाण माणशी दिवसाला ४ लिटर: पिणं आणि स्वयंपाक मिळून. आंघोळ, भांडी, हातपाय सगळं समुद्राच्या पाण्यात. आता हे ४ लिटर किती दिवसांचे न्यायचे? सगळ्या सहलीचे नाही, तेवढं कयाकमध्ये मावणारही नाही. पाणी खात्रीने मिळेल अशी दोन ठिकाणं शोधायची आणि त्यांच्यामधलं सर्वांत लांब अंतर धरायचं. आमच्या मार्गावर आग्वा वेर्दे आणि सान एवारिस्तो या दोन वस्त्या होत्या. त्यांच्यामधला टप्पा चार दिवसांचा. त्यात वाऱ्याचे तीन दिवस मिळवले की सात. सात चोक अठ्ठावीस. म्हणजे माणशी २८ लिटर, आणि तेवढंच किलो वजन.

मित्राचं म्हणणं होतं, वाऱ्याचे तीन दिवस सहलीत एकूण धरलेत, मग ते सगळे याच टप्प्यात का मोजायचे? प्रश्न बरोबर होता. उत्तर एवढंच, की वारा आपली तारीख विचारून येत नाही. तिन्ही दिवस याच टप्प्यात आले तर? (आलेही. ते पुढे सांगतो.)

पाणी एका मोठ्या कॅनमध्ये नेत नाहीत. जाड प्लास्टिकच्या चार ते दहा लिटरच्या पिशव्यांत वाटून नेतात. आमच्या धंद्यात एकाच सर्व्हरवर सगळं ठेवत नाहीत, त्यातलाच प्रकार. एक पिशवी फुटली तर बाकीच्या शाबूत राहतात. शिवाय कयाकच्या पोटातलं वजन पुढे-मागे सारखं वाटता येतं. कयाक जेमतेम ६० सेंटीमीटर रुंद असते. वजन एकीकडे गेलं की ती तिरकी चालते आणि दिवसभर खांदा भरून येतो.

भात शिजवताना चार भागांत एक भाग समुद्राचं पाणी घातलं तर मीठही वाचतं आणि पाणीही. खाखरे, शेंगदाण्याचे लाडू, मेतकूट हे पदार्थ तर अशा सहलीसाठीच केलेत असं वाटतं. ना शिजवायला पाणी लागतं, ना चार दिवसांत खराब होतात.

दुसरा हिशेब वाऱ्याचा

या आखातात हिवाळाभर अधूनमधून उत्तरेचा जोरदार वारा सुटतो. स्थानिक लोक त्याला 'नोर्ते' म्हणतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पठारावर थंड, जड हवा साचते आणि दाब वाढतो. ती हवा दक्षिणेकडे वाट काढते तेव्हा तिला आखाताचा बोळ सापडतो. एका बाजूला बाहाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला मुख्य भूमीचे. दोन उंच इमारतींच्या मधल्या गल्लीत वारा कसा अंगावर येतो, तसंच हे, फक्त गल्ली हजार किलोमीटर लांबीची. एवढ्या लांबवर वारा पाण्याला ढकलत आला, की आखूड, उभ्या, एकामागून एक लाटा उठतात. नोर्ते दोन-तीन दिवस सहज चालतो. नोव्हेंबर ते मार्च त्याचा मुख्य काळ.

वसंताच्या शेवटापासून ला पाझच्या आसपास 'कोरोमुएल' वाहतो. संध्याकाळी सुरू होऊन रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे. आपले कोकणातले कोळी ज्याला मतलई म्हणतात त्याच जातीचा, पण बराच दांडगा. त्यानंतर उन्हाळा: असह्य उष्मा, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर चक्रीवादळांची धास्ती. सगळं वजा करत गेलं की कयाकसाठी बरे महिने उरतात ते साधारण मार्चअखेर ते मे, आणि ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबर. बरे म्हणजे निर्धोक नव्हेत.

म्हणून नकाशा तयार करताना मी मुक्कामाच्या जागांच्या आधी पळवाटा शोधल्या. उपग्रहाच्या छायाचित्रांवर किनारा इंच-इंच पाहिला. कुठे वाळू आहे, कुठे गोटे, कुठे कडा सरळ पाण्यात उतरलाय. उत्तरेच्या वाऱ्यात भूशिराच्या दक्षिणेकडची खाडी आडोसा देते, उत्तरेकडची देत नाही. प्रत्येक पाच-सहा किलोमीटरला अशी एक जागा शोधून खूण केली. जिथे जागाच नव्हती ते पट्टे लाल केले. लाल पट्ट्यात शिरायचं ते फक्त पहाटे आणि फक्त शांत पाण्यात.

नियम घरी बसून लिहायचे

थकलेला माणूस किनाऱ्यावर उभा राहून जो निर्णय घेतो, त्यात सुट्ट्या संपल्याची चिंता असते, दुसऱ्यापुढे भित्रं न दिसण्याची धडपड असते, घरच्या मऊ गादीची आठवणही असते. म्हणून निघण्याआधी महिनाभर, आमच्या स्वयंपाकघरात चहा पीत, आम्ही चार नियम कागदावर लिहिले.

१. वारा १२ नॉट, म्हणजे तासाला २२ किलोमीटरच्या वर असेल किंवा लाटांच्या माथ्यावर सर्वदूर पांढरा फेस दिसत असेल, तर कयाक पाण्यात घालायची नाही.

२. तिघांपैकी एकाने "नको" म्हटलं तर नको. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही.

३. मुक्काम लांबला तर बसून राहण्याच्या दिवशी पाणी ३ लिटरवर आणायचं.

४. पुढचा टप्पा सुरू करताना हाताशी वाऱ्याचा एकही राखीव दिवस उरला नसेल, तर सहल तिथेच संपवायची.

आग्वा वेर्देहून निघाल्यावर पहिला दिवस सुरेख गेला. पाणी काचेसारखं; रात्री झोपल्या झोपल्या दूर कुठेतरी देवमाशाचा श्वास ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी पहाटेच नोर्ते सुरू झाला. आम्ही होतो ती खाडी आडोशाची होती, त्यामुळे तंबू टिकला. ताडपत्रीच्या सावलीत दोन दिवस मेंढीकोट खेळलो. मित्र हैदराबादचा तेलुगू; त्याला हुकूम बोलायला शिकवण्यात एक अख्खी दुपार गेली.

चौथ्या दिवशी सकाळी वारा कमी झाला होता, पण भूशिराच्या पलीकडे फेस दिसत होता. पुढे लाल पट्टा होता. आमच्याकडे माणशी १७ लिटर पाणी आणि तीन दिवसांचं वल्हवणं. मित्र म्हणाला, "निघू या. आणखी एक दिवस बसलो तर पाण्याची शिल्लक जाते आणि ला पाझही जातं." त्याचं गणित चुकीचं नव्हतं. बायकोने समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाली, "नको."

एवढ्यावर विषय संपला. मित्र तासभर कोणाशी बोलला नाही. दुपारी दोनच्या पुढे वारा पडला. म्हणजे कदाचित सकाळी निघालो असतो तरी सुखरूप पोचलो असतो. कदाचित. पण कड्याखाली, जिथे उतरायला वीतभर जागा नाही, तिथे एकाची कयाक उलटली असती तर बाकीच्या दोघांना त्याला लाटांमध्ये परत बसवावं लागलं असतं. नियम बरोबर ठरला की चूक, हे त्या दिवशीच्या वाऱ्यावरून ठरवायचं नसतं. तो शंभर वेळा पाळला तर शंभर वेळा घरी यायला हवं, एवढंच बघायचं.

पाचव्या दिवशी पहाटे निघालो, सातव्या दिवशी दुपारी सान एवारिस्तोला लागलो. माणशी तीनेक लिटर पाणी शिल्लक होतं. वाऱ्याचे तिन्ही दिवस संपले होते, सुट्टीचे चार दिवस उरले होते आणि ला पाझ चार दिवसांच्या वल्हवण्यावर. चौथा नियम लागू. सहल तिथेच संपली. कयाक भाड्याने घेतानाच उतरण्याची दोन ठिकाणं ठरवून ठेवली होती, त्यामुळे पिकअप गाडी आली आणि धुळीच्या रस्त्याने आम्ही ला पाझला पोचलो. शेवटचे ९२ किलोमीटर राहिले ते राहिलेच. मित्राला अजून हळहळ वाटते, मलाही वाटते. पण भांडण झालं नाही, कारण भांडायचं होतं ते आम्ही महिनाभर आधी स्वयंपाकघरात भांडून घेतलं होतं.

घरी कोणाला काय सांगायचं

आपल्याकडे तरुण मंडळी दोनांपैकी एक करतात. एक तर घरी सांगतच नाहीत, किंवा "काही काळजी करू नका" एवढंच सांगतात. दोन्हीने काळजी वाढते. माहिती दिली की काळजीला काम मिळतं.

आम्ही एका पानाचा कागद केला. त्यात मार्ग, रोजचा अंदाजे मुक्काम, कयाकचे रंग, जवळचं पाणी, औषधं, भाड्याने कयाक देणाऱ्यांचा नंबर. त्याच्या दोन प्रती. एक सॅन डिएगोतल्या स्पॅनिश येणाऱ्या मित्राकडे, एक बाबांकडे बडोद्याला. रोज संध्याकाळी सहाला आम्ही उपग्रहावरून संदेश पाठवणाऱ्या छोट्या यंत्राने एक निरोप धाडायचो. तेव्हा बडोद्यात दुसऱ्या दिवसाची सकाळची साडेसहा वाजलेली असायची, म्हणजे बाबांच्या चहाची वेळ. निरोप तीनच ठरलेले: "ठीक, पुढे गेलो", "ठीक, वाऱ्यामुळे थांबलो", "मदत हवी, पण जिवाला धोका नाही". खरं संकट आलं तर यंत्रावर वेगळं बटण असतंच.

सर्वांत महत्त्वाची ओळ शेवटची होती: एक दिवस निरोप आला नाही तर घाबरायचं नाही, यंत्र भिजलेलं असू शकतं. दोन दिवस आला नाही तर सॅन डिएगोच्या मित्राला फोन करायचा, आणि पुढचं तो बघेल. वाऱ्याच्या तीन दिवसांत आईने विचारलं, "हे एकाच जागी का बसलेत?" तेव्हा बाबांनी कागद दाखवून सांगितलं, "तीन दिवसांचं पाणी जास्त घेतलंय त्यांनी. उद्यापर्यंत चालेल." हे मला नंतर आईकडून कळलं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. अशी उपग्रह यंत्रं किंवा सॅटेलाइट फोन भारतात सरकारी परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. गोव्यासह काही विमानतळांवर परदेशी पर्यटकांना यासाठी अडवलं गेलं आहे. अमेरिकेहून कोणी कौतुकाने भेट आणत असेल तर आधीच थांबवा.

सुरुवात कुठून करायची

पहिलं काम म्हणजे उलटायला शिकायचं. कयाक उलटल्यावर पाण्याखालून बाहेर येणं, दुसऱ्याच्या मदतीने परत बसणं, एकट्याने बसणं, पाणी उपसणं. हे शांत पाण्यात इतकं घोटायचं, की विचार न करता हात चालले पाहिजेत. आम्ही दोन हिवाळे सॅन डिएगोच्या खाडीत हेच केलं. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे प्रशिक्षण वर्ग होतात. बेळगाव आणि गोव्याच्या मंडळींना ते जवळचं. मग एका दिवसाची सहल, मग एका रात्रीची, मग गाईडबरोबर चार दिवसांची. स्वतंत्र सहल ही त्याच्यानंतरची.

बाहालाच जायचं असेल तर अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीय पासपोर्टधारकाला मेक्सिकोचा वेगळा पर्यटक व्हिसा सध्या लागत नाही. तरी निघण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. उद्यानाचं शुल्क भरा. मोडकीतोडकी का होईना, शंभर शब्दांची स्पॅनिश शिका. 'आग्वा' हा पहिला शब्द. किनाऱ्यावर नेलेलं सगळं, कचऱ्यासकट, परत आणा. आणि पायताण घालण्याआधी झटका, विंचू तिथेही आहेत.

ज्यांना समुद्रच आवडत नाही त्यांनी हेच चार नियम हिमालयातल्या ट्रेकसाठी किंवा कच्छच्या रणातल्या सायकल सहलीसाठी लिहून बघावेत. आकडे बदलतील, कागद तोच राहील. लिहून झाला की एक प्रत घरी द्या, आणि त्यांनी काय विचारलं ते मला जरूर कळवा. आमच्या यादीतला सर्वांत उपयोगी प्रश्न बाबांचा होता.